दुसऱ्याच्या तोंडचं लिहिणारे

बेन ओडाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असायचा, आणि त्यातल्या बऱ्याच किल्ल्या त्याच्या स्वतःच्या घराच्या नव्हत्या. त्या होत्या न्यूयॉर्क आणि आसपास राहणाऱ्या चित्रकारांच्या घरांच्या, स्टुडिओंच्या. रात्री केव्हातरी ओडा यायचा, दार उघडून आत शिरायचा, टेबलावर काढून ठेवलेल्या पेन्सिलीच्या पानांवर संवाद लिहायचा आणि घरच्यांची झोप न मोडता पुढच्या पत्त्यावर निघून जायचा. सकाळी चित्रकार उठून बघतो तर त्याची पात्रं बोलायला लागलेली. अमेरिकी कॉमिक्सच्या जुन्या मंडळींनी ही हकीकत नाना परींनी सांगितली आहे. त्यात तिखटमीठ किती ते सोडून देऊ. पण या धंद्यातल्या माणसाचं जगणं सांगायला मला याहून नेमकी गोष्ट सापडलेली नाही. कामाची जागा दुसऱ्याची, वेळही दुसऱ्याची आणि शब्दही दुसऱ्याचेच. स्वतःचं काय, तर हात.

ओडा जपानी वंशाचा अमेरिकी, जन्म १९१५चा. दुसऱ्या महायुद्धात तो पॅराट्रूपर होता. युद्ध संपल्यावर जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीकडे अक्षरं काढू लागला. पुढे हार्वी कर्ट्झमनच्या युद्धकथा आणि 'मॅड' हे विनोदी मासिक, मग डीसी ही कॉमिक्स कंपनी, शिवाय वर्तमानपत्रांतल्या कितीतरी चित्रमालिका, असं त्याचं काम वाढत गेलं आणि १९८४ साली तो गेला तोवर चालू राहिलं. एकाच सकाळी वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या चित्रकारांच्या मालिका वाचणाऱ्या माणसाला पत्ताही नसायचा, की त्यातला डिटेक्टिव्ह, न्यायाधीश आणि मुष्टियोद्धा हे सगळे एकाच माणसाच्या हातून बोलताहेत.

या कामाला तिकडे लेटरिंग म्हणतात आणि ते करणारा तो लेटरर. कॉमिक्सच्या पानावर जे जे वाचायचं असतं ते सगळं त्याच्याकडे: फुग्यातले संवाद, चौकटीतलं निवेदन, दुकानावरची पाटी, बंदुकीचा आवाज, पहिल्या पानावरचं कथेचं नाव. मोबदला पानामागे. पान भरलं की पैसे, नाही भरलं तर नाही. आजारपण, सुट्टी, म्हातारपण यांचा हिशेब ज्याचा त्याने बघायचा. पुस्तक लाखांनी खपलं तरी रॉयल्टीच्या वाटपात लेटररचं नाव सहसा नसतं. लेखक, पेन्सिलवाला, शाईवाला इथपर्यंत पंगत वाढली जाते आणि मग पातेलं रिकामं होतं.

हाताने लेटरिंग होत होतं तेव्हाची रीत जरा तपशिलात पाहण्याजोगी आहे. चित्रकाराने पेन्सिलीने काढलेलं पान, जाड ब्रिस्टल बोर्डावरचं, शाई चढण्याआधी लेटररकडे यायचं. सोबत टाइप केलेली संहिता आणि बऱ्याचदा कोणता फुगा कुठे ठेवायचा याच्या संपादकाने केलेल्या खुणा. लेटरर बोर्ड टेबलाला चिकटवायचा, टी-स्क्वेअर लावायचा आणि एम्स लेटरिंग गाइड नावाची तळहाताएवढी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्यायचा. हिच्यात एक फिरती चकती असते आणि चकतीत भोकांच्या रांगा. भोकात पेन्सिलीचं टोक घालून पट्टी टी-स्क्वेअरवरून सरकवली की सारख्या अंतरावर फिकट रेघा उमटत जातात. चकती फिरवली की भोकांतलं अंतर, म्हणजे अक्षराची उंची बदलते. रेघा मारून झाल्या की निब आणि काळी शाई. काही जण नवी निब सँडपेपरवर घासून आपल्या हाताला बसती करून घ्यायचे. तिला दुसऱ्याने हात लावलेला चालायचा नाही. ठसठशीत शब्दासाठी वेगळी, जाड निब. आधी अक्षरं आणि मग त्यांच्याभोवती फुगा. पुष्कळांना वाटतं की रिकामा फुगा तयार असतो आणि त्यात मजकूर भरतात. तसं नाही. मजकुराच्या ओळी मध्यभागी रुंद, वर आणि खाली निमुळत्या अशा रचायच्या, की फुगा त्यांच्यावर आपसूक बसला पाहिजे. शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा नाही. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळवायची, पण तोंडाला भिडवायची नाही. चेहरे झाकायचे नाहीत, हात झाकायचे नाहीत, दोन शेपट्या एकमेकींवरून जाऊ द्यायच्या नाहीत. आणि डोळा डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा घरंगळत जाऊन बरोबर पुढच्या चौकटीच्या तोंडाशी उतरला पाहिजे. चूक झाली तर पांढरा रंग, नाहीतर कागदाचा तुकडा चिकटवून वर पुन्हा लिहायचं.

एवढं झाल्यावर पान शाईवाल्याकडे. म्हणजे शाई चढण्याआधी ते पान शब्दागणिक वाचणारा माणूस लेटररच. चित्रकाराने बोलणाऱ्यांची जागा उलटी घेतली असेल, उत्तर देणारा डावीकडे आणि विचारणारा उजवीकडे उभा केला असेल, तर तो घोळ निस्तरायचा यानेच. पुस्तक वाचताना आपल्याला काहीच खटकलं नाही, तर तो निस्तरलेला.

अमेरिकी कॉमिक्सची अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली का, याची कारणं जागा आणि कागद यांतच आहेत. इंग्रजीच्या छोट्या लिपीत काही अक्षरांच्या काठ्या वर जातात, काहींच्या शेपट्या खाली लोंबतात. मोठ्या लिपीत सगळी अक्षरं एका उंचीची. त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसतात, थोड्या जागेत जास्त मजकूर मावतो आणि वर्तमानपत्राच्या हलक्या कागदावर शाई पसरली तरी वाचता येतो. त्या कागदाच्या आणखीही गमती सांगतात. पूर्णविरामाचा ठिपका छपाईत उडून जायचा, म्हणून जो तो उद्गारचिन्हं वापरायचा. 'एल' आणि 'आय' ही अक्षरं शेजारी आली की शाईने जोडली जाऊन भलतंच अक्षर दिसायचं, आणि काही निष्पाप इंग्रजी शब्दांची अशी अश्लील शिवी व्हायची. म्हणून ते शब्द संपादक टाळायचे. 'आय' या अक्षराचा तर स्वतंत्र कायदा आहे. 'मी' या अर्थी एकटं आलं तर वरखाली आडव्या दांड्या द्यायच्या, शब्दाच्या पोटात आलं तर नुसती उभी रेघ. शब्दाच्या मधोमध दांड्यांचा 'आय' दिसला की जाणकार नाक मुरडतात.

आपल्याकडे हे गणितच बदलतं. देवनागरीला मोठी-छोटी लिपी नाही, पण शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींमध्ये हवा सोडावीच लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि फँटम 'वेताळ' होऊन मराठीत बोलू लागला. अमर चित्र कथा १९६७ पासूनची, तिच्याही मराठी आवृत्त्या निघाल्या. फँटमच्या चित्रांमधले फुगे मुळात इंग्रजीच्या मापाने आखलेले होते. चार ओळींच्या इंग्रजी मजकुरासाठी बेतलेल्या जागेत देवनागरीच्या तीनच ओळी सुखाने बसतात. मग भाषांतर आखडतं घ्यायचं, नाहीतर अक्षर बारीक करायचं. जुने अंक चाळताना ही ओढाताण जागोजागी दिसते: एका फुग्यात वेताळ मोकळाढाकळा बोलतो, तर शेजारच्या फुग्यात त्याचा श्वास कोंडलेला. ते मराठी ज्याने त्या जागेत बसवलं त्याचं नाव मात्र मला कधी दिसलं नाही.

नाव न दिसणं हे या धंद्याला जन्मापासून चिकटलेलं आहे. साठच्या दशकात मार्व्हल या दुसऱ्या कंपनीच्या अंकांत संपादक स्टॅन ली श्रेयनामावली छापू लागला, आणि त्यात आर्टी सिमेक, सॅम रोझन ही लेटररांची नावं नियमाने येऊ लागली. हे ऋण मानायला हवं. त्याआधी तेवढंही नव्हतं. पण ती नामावली वाचा. लेखक आणि चित्रकार यांच्यामागे मोठमोठी विशेषणं, आणि शेवटच्या ओळीत लेटररच्या नावाने एखादी कोटी. वाचक हसून पान उलटत असे.

या जमातीतला सगळ्यात मोठा हात माझ्या मते गॅस्पार सालादिनोचा. ब्रुकलिनचा, जन्म १९२७. १९४९च्या सुमारास डीसीमध्ये शिरला आणि अर्धशतकाहून जास्त काळ अक्षरं काढत राहिला. २०१६ साली वारला. त्याच्याआधी डीसीचा चेहरामोहरा घडवला होता आयरा श्नापने. आज सुपरमॅनचं म्हणून जे उतरत्या सावलीचं नाव आपण ओळखतो त्याला बांधीव रूप १९४०मध्ये श्नापनेच दिलं. श्नापचं अक्षर घरंदाज, मोजूनमापून बसवलेलं. सालादिनोचं मात्र अंगात आल्यासारखं. त्याने काढलेल्या मुखपृष्ठांवरची नावं बघितली की मराठी वाचकाला कमल शेडगे आठवल्याशिवाय राहत नाहीत: नाटकाचं नाव वाचायच्या आधीच नाटक विनोदी की भयंकर हे शेडग्यांच्या अक्षरावरून कळायचं, तीच जात. १९७२ साली 'स्वॅम्प थिंग' आलं. दलदलीतून उठलेल्या त्या प्राण्याच्या नावावर सालादिनोने शेवाळ आणि ओघळ चढवले, आणि तो बोलू लागला तेव्हा त्याच्या फुग्यांच्या कडाही चिखल निथळल्यासारख्या ओबडधोबड काढल्या. एकेका पात्राला स्वतःचा आवाज देण्याची ही कल्पना आज सर्रास झाली आहे. तेव्हा ती फारशी रुळलेली नव्हती.

सत्तरच्या दशकात मार्व्हलच्या संपादकांना हे अक्षर हवं होतं, पण सालादिनो डीसीचा. तेव्हा एक तोड निघाली. अनेक अंकांचं फक्त पहिलं पान त्याच्याकडून करून घ्यायचं आणि उरलेला अंक नेहमीच्या लेटररकडे द्यायचा. पहिलं पान म्हणजे दुकानात उभ्याउभ्या पोरं उघडून बघतात ते, म्हणजे विक्री तिथेच ठरते. श्रेय अर्थात उरलेलं पुस्तक लिहिणाऱ्याचं. अंक खपावा म्हणून सालादिनोचं अक्षर दर्शनी लावायचं आणि त्याचं नाव मात्र मागच्या दाराने बाहेर काढायचं, असा तो व्यवहार होता. काही कामांवर तो एल. पी. ग्रेगरी या टोपणनावाने सही करायचा.

या क्षेत्रात एक वचन फार लाडकं आहे: उत्तम लेटरिंग ते, जे वाचकाच्या लक्षातच येत नाही. नवशिक्यांना हेच पढवतात, आणि पुष्कळ लेटरर स्वतःच मोठ्या नम्रतेने ते सांगतात. यात तथ्य नाही असं नाही. फुग्यांचा क्रम चुकला, शेपटी भलत्याकडे गेली, तर वाचक अडखळतो आणि तेवढ्यापुरतं लेटरिंग 'दिसतं'. पण हे वचन पैसे देणाऱ्यांच्या किती सोयीचं आहे तेही बघायला हवं. ज्याचं काम दिसत नाही त्याचं नाव छापलं नाही तरी चालतं, त्याचा दर वर्षानुवर्षं तोच ठेवला तरी चालतो, आणि तो बदलून दुसरा आणला तरी कुणी विचारत नाही. 

आणि वचन खरं मानलं तर 'अर्कम असायलम'चं काय करायचं? १९८९ साली आलेल्या या बॅटमॅनच्या पुस्तकात डेव्ह मॅकीनची चित्रं आणि ग्रँट मॉरिसनची कथा आहे. जोकरचं बोलणं सालादिनोने फुग्यात ठेवलंच नाही. लाल अक्षरं, खरडल्यासारखी, शाईचे शिंतोडे उडालेली, चित्रावर थेट फेकलेली. कुठे एक शब्द केवढा तरी, तर पुढचे तीन शब्द मिळून तेवढे. बॅटमॅनचे फुगे काळे, आत पांढरी अक्षरं. जोकरची काही वाक्यं वाचायला खरोखर त्रास होतो. कुणी अंगावर येऊन ओरडत असलं की आपण जसं अर्धंच ऐकतो तसं. हे लेटरिंग लपत नाही, आणि ते लपवलं तर जोकर निम्मा मेला.

सालादिनोला जवळून पाहून घडलेला माणूस म्हणजे टॉड क्लाइन. फ्रीलान्स लेटररचं करिअर कसं असतं हे समजून घ्यायचं तर त्याचंच बघावं, कारण धंद्याची दोन्ही युगं त्याच्या एका आयुष्यात मावली आहेत. न्यू जर्सीचा, जन्म १९५१. १९७७ साली डीसीच्या प्रॉडक्शन विभागात नोकरीला लागला. प्रॉडक्शन म्हणजे छापायला जाण्याआधी पानांची डागडुजी: चुकलेला शब्द खरवडून पुन्हा लिहायचा, उडालेली रेघ जोडायची, जाहिरातीचा मजकूर चिकटवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पानांवरच्या दुरुस्त्या, आणि संध्याकाळी घरी पानामागे पैसे घेऊन स्वतःचं लेटरिंग. ही दुरुस्तीची नोकरी म्हणजे फुकटची शाळाच होती. सालादिनोच्या अक्षरात एखादा शब्द घुसवायचा तर सालादिनोसारखं लिहिता आलं पाहिजे, जॉन कोस्टान्झा या दुसऱ्या लेटररच्या पानावर कोस्टान्झासारखं. दहा वर्षं असा प्रत्येकाचा हात गिरवून १९८७ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ फ्रीलान्स झाला. पगार आणि विमा सोडून पानामागच्या दरावर प्रपंच चालवायचा म्हणजे काय, हे दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि सजावट करून वर्ष काढणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांना समजावून सांगायला नको.

नशिबाने दुसऱ्याच वर्षी नील गेमनच्या 'सँडमॅन'चं काम आलं. स्वप्नांचा राजा ड्रीम हा नायक. त्याचे फुगे काळे, अक्षरं पांढरी, कडा पाण्यावर हलल्यासारख्या. पंचाहत्तर अंकांची ही मालिका १९९६ पर्यंत चालली आणि बहुतेक अंकांचं लेटरिंग क्लाइनचं. गेमनची पात्रं वाढत गेली तसे आवाजही वाढत गेले. ड्रीमची धाकटी बहीण डिलिरियम म्हणजे भ्रम. तिचं वाक्य सुरू होतं मोठ्या अक्षरात, मध्येच बारीक होतं, ओळ सोडून घसरते, पुन्हा चढते, आणि फुग्याच्या आत रंगही पालटत जातात. शुद्ध हरपलेल्या माणसाचं बोलणं कानाने कसं ऐकू येतं, ते डोळ्यांना दाखवलेलं. सगळ्यात हुशारीची निवड मला वाटते ती थोरल्या बहिणीची, डेथची. मृत्यूला केवढी काळी, थरकाप उडवणारी लिपी देता आली असती! डेथ बोलते साध्या अक्षरात, साध्या पांढऱ्या फुग्यात, शेजारची मुलगी बोलावी तशी. गेमनने ती तशीच लिहिली होती, हसरी आणि समजूतदार. तिथे हात आवरणं हेच लेटररचं काम होतं, आणि क्लाइनला ते कळलं.

१९९३ साली आयस्नर या कॉमिक्सच्या मानाच्या पुरस्कारांत लेटरिंगचा वेगळा विभाग निघाला. पहिला पुरस्कार क्लाइनला. त्यानंतर त्याने तो इतक्या वेळा घेतला, की डझनाच्या पुढे कुणी मोजायच्या फंदात पडू नये. पुढे अॅलन मूरच्या 'प्रोमिथिया' आणि 'टॉम स्ट्राँग'साठी, 'फेबल्स'साठी त्याने अक्षरं काढली. दरम्यान या माणसाने आणखी एक उद्योग मांडला: आपल्या आधीच्या लेटररांचा इतिहास. कुणाचं कोणतं काम, कोणतं नाव कुणी काढलं, हे जुने अंक आणि कुटुंबांतल्या आठवणी धुंडाळून त्याने लिहून काढलं. श्नाप आणि ओडा यांच्याबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंच त्याच्या या खटपटीमुळे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. टॉम ओर्झेहोवस्कीच्या वाट्याला 'एक्स-मेन'चा लेखक ख्रिस क्लेअरमाँट आला. हा गडी एका चौकटीत एवढं बोलतो, की पात्रांनी मारामारी थांबवून व्याख्यान ऐकावं. ओर्झेहोवस्कीचं बारीक, गोल, स्वच्छ अक्षर नसतं तर ती मालिका कुणी वाचू शकलं नसतं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती अगदी थोडी ठरेल. जॉन वर्कमनने वॉल्ट सायमन्सनच्या 'थॉर'मध्ये आवाजच चित्राचा खांब केला. १९८३ पासूनच्या अंकांत कुठेतरी दूर एक अज्ञात राक्षस ऐरणीवर तलवार घडवतोय, आणि महिन्यामागून महिना घणाचा तो एकच 'डूम' पानभर घुमत राहतो. राक्षस प्रत्यक्ष दिसतो तो फार पुढे. स्टॅन साकाईचा मार्ग निराळा. तो सर्जिओ अरागोनेसच्या 'ग्रू'चं लेटरिंग करायचा. त्यातून घर चाललं आणि १९८४ पासून सामुराई सशाची त्याची स्वतःची 'उसागी योजिम्बो' उभी राहिली. लिहिणार तोच, काढणार तोच, अक्षरंही त्याचीच.

मग संगणक आला. रिचर्ड स्टार्किंग्ज हा इंग्रज, 'द किलिंग जोक'चं लेटरिंग त्याने १९८८ साली हाताने केलेलं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने कॉमिक्राफ्ट काढलं, जॉन रोशेल त्याच्या जोडीला. दोघांनी हाताची वळणं फाँटमध्ये उतरवली. यातली एक युक्ती फार सुरेख आहे. कॉमिक्समध्ये छोटी लिपी लागतच नाही. म्हणजे कीबोर्डवरची छोट्या अक्षरांची बटणं मोकळीच. तेव्हा तिथेही मोठीच अक्षरं ठेवायची, पण जरा वेगळ्या वळणाची. शिफ्ट दाबून एक 'ओ', न दाबता दुसरा. एका शब्दात लागोपाठ दोन 'ओ' आले की एक याचा आणि एक त्याचा टाकायचा, म्हणजे दोन्ही हुबेहूब दिसत नाहीत आणि हाताने काढल्याचा भास राहतो. दांड्यांचा 'आय' शिफ्टवर, साधा 'आय' शिफ्टविना. नेट पायकॉसने १९९९ मध्ये ब्लॅमबॉट काढलं, त्याचेही फाँट घरोघर गेले. कॉमिक्राफ्टचा एक रिवाज असा, की नववर्षाच्या दिवशी फाँटची किंमत सालाच्या आकड्याएवढी: २०१० साली वीस डॉलर दहा सेंट, त्यापुढच्या वर्षी वीस डॉलर अकरा. डेव्ह गिबन्स, टिम सेल, ज्यो क्यूबर्ट या चित्रकारांच्या हातांचे फाँटही तिथे निघाले. म्हणजे माणसाचं अक्षर माणसापासून वेगळं होऊन दुकानात आलं.

गिबन्सचं अक्षर तर आणखी एका वाटेने आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डापर्यंत पोचलेलं आहे. १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या एका प्रोग्रॅममध्ये कार्टूनमधला कुत्रा फुग्यातून बोलायचा, आणि बोलायचा टाइम्स न्यू रोमनमध्ये. व्हिन्सेंट कोनेअर या डिझायनरला ते काही केल्या सहन होईना. त्याने 'वॉचमेन' आणि 'द डार्क नाइट रिटर्न्स' ही दोन कॉमिक्स समोर ठेवली, पहिल्यातलं लेटरिंग गिबन्सचं, दुसऱ्यातलं जॉन कोस्टान्झाचं, आणि माऊसने एक फाँट काढला. कुत्र्याला तो वेळेवर मिळाला नाही. जगाला मिळाला: कॉमिक सॅन्स. पाणी बंद राहील, भाडेकरूंनी नोंद घ्यावी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. निब घासून निगुतीने काढलेल्या अक्षराची ही वंशावळ कुणाला सांगितली तर पटत नाही.

संगणकामुळे हातवाल्यांची कामं भराभर गेली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मार्व्हलची बरीच पुस्तकं कॉमिक्राफ्टकडे होती; नंतर ती क्रिस एलिओपुलसच्या व्हर्च्युअल कॅलिग्राफीकडे गेली. डीसीने लेटरिंगचा काही भाग कार्यालयातच करायला घेतला. सालादिनो शेवटपर्यंत संगणकाकडे वळला नाही; निब खाली ठेवली आणि निवृत्त झाला. क्लाइनने मॅक घेतला, आपल्याच अक्षरांचे फाँट बनवले आणि तगला. दोघांच्या हातातला फरक उन्नीस-बीसचा. चोवीस वर्षांचं वय मात्र मध्ये होतं.

कामाची जागाही बदलली. पूर्वी लेटरर साखळीच्या मध्यावर होता, आता टोकाला गेला. चित्र, शाई, रंग आपापल्या वाटेने पूर्ण होतात आणि फुगे इलस्ट्रेटर या प्रोग्रॅममध्ये वेगळ्या थरावर तयार होऊन शेवटी वर ठेवले जातात. पानावर शाईने काही लिहिलेलंच नसतं, त्यामुळे आज विकली जाणारी मूळ चित्रं मुकी असतात. दुरुस्ती सोपी झाली, म्हणून दुरुस्त्या वाढल्या. पूर्वी एक शब्द बदलायचा तर खरवडावं लागे, म्हणून लेखक दहादा विचार करी. आता पीडीएफ पाहिल्यावर त्याला सुचतं, की हे वाक्य असं नको होतं. वाक्य लांबलं की फुगा वाढतो, फुगा वाढला की शेजारच्याला सरकवावं लागतं, आणि मग खालच्या चौकटीतल्या बाईचा हात झाकला जातो. लेखकाचा आठवडा उशीर, चित्रकाराचे दोन आठवडे, रंगाचे चार दिवस, हे सगळं छापखान्याच्या तारखेआधी कुणीतरी गिळायचं असतं. बावीस पानांचा अंक दोन दिवसांत मागणारी मेल शुक्रवारी संध्याकाळी येते ती म्हणूनच.

या बदलाचा एक फायदा आपल्या बाजूला झाला. संहिता आणि चित्रं इंटरनेटवरून येऊ लागली, तेव्हा लेटररने न्यूयॉर्कमध्ये राहायची गरज संपली. अमेरिकी अंकांच्या श्रेयनामावलीत एक मराठी आडनाव दिसू लागलं: आदित्य बिडीकर. त्यांनी हे काम भारतात राहून केलं. राम व्ही. आणि सुमित कुमार यांचं 'दीज सॅव्हेज शोअर्स', अठराव्या शतकातल्या मलबार किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रज पिशाचाची ही गोष्ट, तिचं लेटरिंग त्यांचं. मुंबईच्या पोरांवरचं 'ग्राफिटीज वॉल', जॅझ वादकाच्या झपाटलेपणाचं 'ब्लू इन ग्रीन', डीसीचं 'हेलब्लेझर', जेम्स टिनियनचं 'द डिपार्टमेंट ऑफ ट्रुथ' हीही त्यांचीच. 'ब्लू इन ग्रीन'च्या चित्रांसाठी आनंद आर. के. आणि जॉन पिअर्सन यांना २०२१ चा आयस्नर मिळाला. ते पुस्तक उघडून पाहावं: चित्रं इतकी धूसर, खरवडलेली, थरांवर थर चढवलेली, की गुळगुळीत फाँट आणि रेखीव लंबगोल फुगा तिथे ठेवला असता तर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसला असता. अक्षरांना चित्राइतकीच धुगधुग लागते. संगणकावर काम करून ती आणणं हे या पिढीचं खरं कसब. त्यासाठी ही मंडळी एका पुस्तकापुरता नवा फाँट काढतात, फुग्याची रेघ मुद्दाम अडखळती ठेवतात, कधी टॅब्लेटवर पुन्हा हातानेच लिहितात.

'दीज सॅव्हेज शोअर्स' काढणाऱ्या व्हॉल्टसारखे काही प्रकाशक आता लेखक आणि चित्रकार यांच्या ओळीत लेटररचंही नाव मुखपृष्ठावर छापतात. काही लेखक तर कथा प्रकाशकाला दाखवण्याआधीच लेटरर ठरवतात आणि त्याला विचारून संवाद लिहितात. मोठ्या कंपन्यांच्या दरमहा अंकांत मात्र जुनीच रीत आहे: आतल्या पानावर नाव, पानामागे दर. कामात शिरू बघणाऱ्याने काय करावं, याचं उत्तरही फारसं बदललेलं नाही. कुणाची तरी लेटरिंग नसलेली चार-पाच पानं मिळवायची, संहिता मिळवायची, बसवून दाखवायची. अनेकांचं पहिलं काम फुकट होतं, दुसरं कमी पैशांत होतं, आणि तिसरं येतं ते नेमका दुसरा कुणीतरी आजारी पडला म्हणून, परवा सकाळपर्यंत द्यायचं.